बेलाच्या झाडावरचा नेम

नाशिकच्या इंदिरानगरातून पांडवलेण्यांचा डोंगर जवळच आहे. तिथल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी कोरून घेतली आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या त्या प्राकृत लेखात राजाला अद्वितीय धनुर्धर म्हटलं आहे. राजाच्या नेमाची अशी नोंद झाली. झाडावर बसून हरणाची वाट पाहणाऱ्या साध्या पारध्याचा नेम मात्र शोधावा लागतो तो पोथीत.

श्रीधरस्वामींचं ‘शिवलीलामृत’ १७१८ सालचं. त्याच्या दुसऱ्या अध्यायातला व्याध महाशिवरात्रीला सरोवराकाठच्या बेलावर चढून बसतो. ही कथा लोक पुण्यासाठी वाचतात, पण तिच्यात शिकारीची खरी जाण आहे. माघ सरताना रानातले पाणवठे आटू लागतात, म्हणून उरलेल्या पाण्यावर जनावर येणारच. उंचावर बसलं की माणसाचा वास आणि हालचाल त्याला लवकर कळत नाही. फांद्या नजरेच्या आड येतात म्हणून व्याध बेलाची पानं खुडून खाली टाकतो आणि ती नकळत शिवलिंगावर पडतात. आजही मचाणावरचा तिरंदाज आधी हेच करतो, बाणाची वाट मोकळी करतो. शिवाय ती रात्र वद्य चतुर्दशीची, जवळजवळ अंधारीच. जनावर अगदी जवळ येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता.

वरून नेम धरणं जमिनीवरून धरण्यापेक्षा वेगळं असतं. मचाण ५ मीटर उंच आणि हरीण बुंध्यापासून १२ मीटरवर असेल, तर नजरेच्या तिरक्या रेषेतलं अंतर १३ मीटर भरतं. पण बाण किती खाली येणार ते ठरतं १२ मीटरच्या हिशोबाने. तेरा धरून मारला तर बाण किंचित वर लागतो. एवढ्या उंचीवर हा फरक किरकोळच. खरी चूक शरीराची होते. खाली पाहताना माणूस नुसता हात खाली करतो, खांद्यांची रेषा मोडते, दोरीची ओढ बदलते. कमरेतून वाकलं तरच ती रेषा टिकते. आणि बाण वरून शिरतो, म्हणून तो पलीकडे कुठून निघेल याचा विचार आधी करावा लागतो. तो चुकला तर जखमी जनावर रानात तडफडत मरतं. नेम अचूक हवा तो यासाठी.

बागलाण, कळवणच्या डोंगरांतल्या भिल्लांचं धनुष्य बांबूचं, आणि त्याची दोरीही बांबूच्याच पातळ पट्टीची. असल्या धनुष्याने लांबचा नेम मारण्यापेक्षा जनावराच्या जवळ जाण्याचं कसब मोठं. हॉलेस विल्बर ॲलनने अमेरिकेत कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळवलं ते १९६९ साली. त्याने दोरी ताणून धरणं सोपं झालं. कमरेतून वाकणं मात्र चुकलं नाही.

या जिल्ह्यात हरणाच्या शिकारीची आठवण जागोजागी आहे. रामाने मारीचाला जिथे बाण मारला असं लोक मानतात, ते मृगव्याधेश्वराचं देऊळ नांदूर मधमेश्वरला आहे. आणि महाशिवरात्रीच्या संध्याकाळी वर पाहिलं तर मृग नक्षत्र माथ्याकडे आलेलं असतं: चार ताऱ्यांचे चार पाय, पोटात तीन ताऱ्यांचा बाण. त्या बाणाची रेषा मागे वाढवली की ती व्याधाच्या ताऱ्याकडे जाते. आकाशातल्या व्याधाने बाण सोडला. पोथीतल्या व्याधाने हरिणीचं बोलणं ऐकून तो आवरला. दोन्ही कथा मराठी घरांत शेजारीशेजारी नांदल्या.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा ठरला, आणि ते योग्यच झालं. धनुर्विद्येचं त्यात काही बुडालं नाही. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. चढ-उतारावरून नेम धरण्याचं जुनं कसब ‘फील्ड आर्चरी’ या खेळात शाबूत आहे, आणि त्यासाठी लागणारे डोंगर नाशिकला भरपूर आहेत. इथल्या क्रीडासंस्थांनी हा खेळ मनावर घ्यावा. ज्यांना हरणंच पाहायची आहेत त्यांनी येवला तालुक्यातल्या ममदापूरला जावं. तिथल्या राखीव माळावर काळवीट आजही मोकळे चरतात.