नळी उघडली, पण पेशंटचं काय? मेंदूतल्या स्टेंटची गोष्ट

आपल्या ओळखीत कुणाच्या ना कुणाच्या हृदयात स्टेंट असतोच. काका, आत्या, शेजारचे आजोबा. ‘ब्लॉकेज होतं, स्टेंट टाकला, दोन-तीन दिवसांत घरी आले.’ हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की डॉक्टर ‘मेंदूतली रक्तवाहिनी अरुंद झाली आहे’ म्हणाले, की आपण लगेच विचारतो, ‘मग स्टेंट कधी टाकायचा?’

आज याच प्रश्नाचा इतिहास बघू. कारण जगातल्या नावाजलेल्या डॉक्टरांनाही अगदी असंच वाटलं होतं.

सुरुवात लिस्बनपासून. १९२७ साली एगास मोनिझ यांनी मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढला. जिवंत माणसाच्या मेंदूतलं रक्ताभिसरण आता फोटोत दिसायला लागलं. आणि एकदा अडथळा दिसला की तो काढावासा वाटणारच!

१९६७ साली झुरिचमध्ये गाझी याशारगिल यांनी टाळूच्या त्वचेकडची रक्तवाहिनी थेट मेंदूतल्या रक्तवाहिनीला जोडली. म्हणजे बायपास. कल्पना एकदम पटण्यासारखी होती, आणि ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. मग १,३७७ रुग्णांवर तिची रीतसर चाचणी झाली. १९८५ साली निकाल आला: जोडलेली नळी बहुतेकांमध्ये छान वाहत होती, पण स्ट्रोक काही कमी झाले नव्हते. फोटो सुधारला होता, पेशंटचं नशीब नाही.

दुसरीकडे नळी आतून उघडायचं तंत्र पुढे जात होतं. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका आजींच्या पायाची रक्तवाहिनी कॅथेटरने उघडली. पाय कापायला आजींनी नकार दिला होता, आणि तो वाचला. १९७७ साली, पुन्हा झुरिचमध्येच, आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने उघडली. पुढे हृदयासाठी स्टेंट आले आणि आपल्या काका-आत्यांपर्यंत पोचले.

मग मेंदूत का नको? २००५ साली अमेरिकेत ‘विंगस्पॅन’ या मेंदूसाठीच्या स्टेंटला मर्यादित वापराची परवानगी मिळाली. गरजही खरी होती. ज्यांची मेंदूतली रक्तवाहिनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झाली आहे आणि ज्यांना नुकताच झटका येऊन गेला आहे, त्यांना पुन्हा स्ट्रोक येण्याचा धोका मोठा असतो.

मग आली ‘सॅम्प्रिस’ नावाची चाचणी. अशा रुग्णांचे दोन गट केले. औषधं दोन्ही गटांना: रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, बीपी आणि कोलेस्टेरॉलवर कडक लक्ष, सिगारेट बंद, व्यायामासाठी पाठपुरावा. एका गटाला याशिवाय स्टेंट. ७६४ रुग्ण घ्यायचे ठरलं होतं. २०११ साली ४५१ वरच भरती थांबवावी लागली. पहिल्या ३० दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यूचं प्रमाण स्टेंटच्या गटात १४.७ टक्के होतं, नुसत्या औषधांच्या गटात ५.८ टक्के.

असं का झालं? मेंदूतल्या रक्तवाहिन्या म्हणजे हृदयातल्या नव्हेत. त्यांच्या भिंती पातळ असतात, वाट वळणावळणाची असते. आणि या मोठ्या फांद्यांना केसासारख्या बारीक उपफांद्या फुटलेल्या असतात. स्टेंटने साठलेली चरबी बाजूला दाबली की ती कधीकधी या उपफांद्यांच्या तोंडावरच जाऊन बसते. शिवाय कधी तार लागून किंवा अचानक वाढलेल्या प्रवाहाने रक्तस्राव होतो.

२०१२ साली अमेरिकेत नियम कडक झाले. नीट औषधोपचार चालू असतानाही दोन किंवा अधिक स्ट्रोक आलेल्यांनाच स्टेंट, तोही शेवटच्या स्ट्रोकनंतर सात दिवस उलटल्यावर. हे नियम पाळून केलेल्या १५२ रुग्णांच्या पाहणीत, २०१९ साली, पहिल्या ७२ तासांतला स्ट्रोक-मृत्यूचा आकडा २.६ टक्के निघाला. म्हणजे पेशंटची निवड आणि डॉक्टरांचा अनुभव, दोन्ही महत्त्वाचे. पण २०२२ सालच्या चिनी चाचणीत अनुभवी हातांनी करूनही औषधांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. २०२४ साली चीनमध्येच स्टेंटऐवजी फुगा हळूहळू आणि अर्धवट फुगवून पाहिला, तेव्हा वर्षभराचा हिशोब औषधांपेक्षा चांगला निघाला, सुरुवातीची जोखीम धरूनही. गोष्ट अजून संपलेली नाही.

मग घरात हा प्रसंग आला तर? पहिला उपचार औषधांचा, आणि ‘नुसत्या गोळ्या’ म्हणून त्यांना कमी लेखायचं नाही. स्टेंट सुचवला तर शांतपणे विचारा: औषधं पूर्ण डोसने चालू असताना पुन्हा झटका आलाय का? तुम्ही मेंदूतल्या अशा किती केसेस केल्या? त्यांत किती जणांना स्ट्रोक आला? फुग्याचा पर्याय आहे का?

करायचं ठरलंच, तर जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर जातो, बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. नंतर आयसीयूत बीपीवर बारीक लक्ष असतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. दात काढायचा असला तरी स्वतःहून बंद करायच्या नाहीत. आणि आधीच्या स्ट्रोकने गेलेली हाताची ताकद स्टेंटने परत येत नाही. तो पुढचा स्ट्रोक टाळण्यासाठी असतो.

एक गल्लत मात्र नको. अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर ती इमर्जन्सी. तिथे गुठळी विरघळवायची किंवा बाहेर काढायची असते आणि मिनिटामिनिटाला किंमत असते. वाट न बघता हॉस्पिटल गाठा, लक्षणं थोड्या वेळात गेली तरीही.

बाकी वेळी फाईलमधला आधीचा-नंतरचा फोटो कितीही सुंदर दिसला, तरी एवढं विचारायचं: यामुळे आमच्या माणसाचा पुढचा स्ट्रोक टळणार आहे का? डॉक्टरांना हा प्रश्न पडायला १९८५ उजाडलं, आणि २०११ साली तो पुन्हा नव्याने विचारावा लागला. तुम्ही तो सही करायच्या आधी विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज घरी आई-बाबांचं बीपी मोजा!