माणदेशातील गलाई आणि परगावची मिळकत
सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील माणदेश पर्जन्यछायेत येत असल्याने, 1876-77 च्या दुष्काळात राजेवाडीच्या तलावासारखी कामे निघाली तरी ज्वारी-बाजरी आणि मेंढरांवर जगणाऱ्या कुटुंबांची ओढाताण संपली नाही. पुढे माण, आटपाडी, खानापूर या भागांतील तरुण गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात शिरले आणि देशभरच्या सराफ पेठांत पसरले. आटवलेल्या सोन्यात चांदी मिसळून त्याचे कण तेजाबात, म्हणजे तीव्र आम्लात, उकळले की चांदी विरघळते आणि सोने तळाशी उरते. सोनाराच्या दुकानातील झाडलोटीची मातीसुद्धा विकत घेऊन, धुऊन, तिच्यातील कण काढले जात.

स्थलांतरित हा स्थानिकापेक्षा गरीबच असतो, हे गृहीतक येथे अर्धेच लागू पडते. भट्टीशेजारी निजणारा शिकाऊ पोऱ्या परक्या शहरातील मजुराहून फारसा बरा नसे. पण स्वतःचे दुकान थाटलेला गलाईवाला तेथे उपराच राहून गावी माडी बांधी. 1972 च्या दुष्काळात गावी राहिलेली माणसे खडी फोडत होती, तेव्हा त्यांच्याच भावकीतील काही घरे परगावच्या पैशावर तगली. अर्थात नात्यातला कोणी आधीच पेठेत असला, तरच ही वाट खुली होई.