एमजी५३

एमजी५३ (अन्य नावे: मित्सुगुमिन ५३, ट्रिम७२) हे स्नायुपेशींच्या फाटलेल्या पटलाची दुरुस्ती करणारे प्रथिन आहे. ते मुख्यतः कंकालस्नायू आणि हृदयस्नायूंत आढळते. मात्र मानवी हृदयातील त्याचे प्रमाण हा वादाचा विषय आहे. नावातील ५३ हा अंक रेणूचे अंदाजे वस्तुमान (किलोडाल्टनमध्ये) दर्शवतो.

कार्य

स्नायू आकुंचन पावताना पेशीपटल ताणले जाऊन त्याला सूक्ष्म चिरा पडतात. चीर वेळीच बुजली नाही, तर बाहेरचे कॅल्शियम अनिर्बंधपणे आत शिरते व पेशी मरते. पेशीच्या आतील वातावरणाच्या तुलनेत बाहेरचे वातावरण अधिक ऑक्सिडीकारक असते. चीर पडताच होणारा हा बदल एमजी५३साठी जणू वर्दी ठरतो. त्याचे रेणू २४२व्या स्थानावरील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या द्वारे परस्परांशी जोडले जातात आणि सूक्ष्म पुटिकांना चिरेपाशी आणतात. त्यानंतर कॅल्शियममुळे पुटिका पटलात विलीन होतात व ठिगळ बसते. अतिरेकाने घातक ठरणारे कॅल्शियमच येथे दुरुस्ती पूर्ण करते, हे लक्षणीय आहे. जियानजिए मा आणि सहकाऱ्यांनी ही यंत्रणा २००९ मध्ये मांडली.

हृदयविकाराशी संबंध

हृदयाच्या रोहिणीत अडथळा आल्यास पेशींना प्राणवायू मिळत नाही. अडथळा दूर झाल्यावर परतणाऱ्या रक्तप्रवाहानेही पेशींना इजा होते. नव्या हृदयपेशी फारच थोड्या तयार होत असल्याने असलेल्या पेशी वाचवणे महत्त्वाचे असते. एमजी५३चे जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांत ही इजा अधिक आढळली. थोडा वेळ रक्तपुरवठा रोखून हृदयाला पुढील आघातासाठी सज्ज करण्याचा उपायही त्यांच्यात निष्फळ ठरला. डुकरांना हे प्रथिन शिरेवाटे दिल्यावर हृदयाची हानी घटली.

मानवी हृदयात मात्र हे प्रथिन जवळजवळ नसते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यामुळे उंदरांवरील निष्कर्ष माणसाला सरसकट लागू करणे सयुक्तिक नाही. तथापि बाहेरून दिलेले प्रथिन फाटलेल्या पटलाला चिकटू शकत असल्याने औषध म्हणून त्याचा विचार यामुळे बाद होत नाही.

दुसरी शंका मधुमेहासंबंधी आहे. एमजी५३ इन्सुलिनच्या ग्राहकाचे विघटन घडवून आणते, असे २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. याउलट, रक्तात त्याचे प्रमाण दीर्घकाळ वाढवलेल्या उंदरांत चयापचय बिघडला नाही, असे मा यांच्या गटाने २०१९ मध्ये नोंदवले.