गॅलरीतील ब्रह्मकमळ आणि त्याचे फळणारे भावंड

गिरगाव, दादर, परळ किंवा लालबाग येथील चाळींतून ज्यांचे लहानपण गेले, त्यांस ब्रह्मकमळाची रात्र वर्णन करून सांगावयास नको. दिवसभर पाऊस झालेला असतो. गॅलरीच्या कठड्यावर डालड्याच्या डब्यात लावलेल्या आणि एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या झाडाची कळी तिन्हीसांजेपासून फुगू लागते. नऊच्या सुमारास घरातील मुलगा मजल्यावरच्या प्रत्येक दारात जाऊन सांगतो, ‘आमचं ब्रह्मकमळ फुलतंय, आईनं बोलावलंय.’ शेजारणी येतात, निरांजन ओवाळले जाते, हळदकुंकू वाहिले जाते, एखाद्या घरी मसाल्याचे दूधही होते. बारा वाजेपर्यंत वास मजलाभर भरून राहतो आणि पहाटे फूल मान टाकते. पुढे चार-सहा दिवसांत ते देठासकट गळते.

या सोहळ्यात एक प्रश्न कोणी विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. एवढे मोठे फूल, मग याला फळ का धरत नाही? पूजेच्या फुलाकडून फळाची अपेक्षा करणे बहुधा कोणास सुचलेच नसावे. परंतु अलीकडे त्याच कठड्यांवर आणि गच्च्यांवर ड्रॅगन फ्रूटच्या कुंड्या दिसू लागल्या आहेत आणि तो प्रश्न मोठ्याने विचारला जाऊ लागला आहे. ब्रह्मकमळाने पुण्य दिले तरी पुरे होते. ड्रॅगन फ्रूटकडून माणसास फळ हवे असते. ही दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत, एकाच प्रदेशातून आली आहेत, आणि दोघांचे दुखणेही एकच आहे. ते दुखणे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

प्रथम नावाचा घोळ उलगडू. हिमालयात उंचावर होणारे खरे ब्रह्मकमळ ही निराळीच वनस्पती आहे. ती सूर्यफुलाच्या कुळातील असून उत्तराखंडाचे ते राज्यपुष्प होय. आपल्या गॅलरीत फुलते ते मेक्सिको व मध्य अमेरिकेतील जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढणारे निवडुंग. केरळात त्यास निशागंधी म्हणतात आणि ते नाव अधिक प्रामाणिक आहे. ज्यास आपण त्याचे पान म्हणतो ते पान नव्हे, चपटे झालेले खोड आहे. म्हणूनच ‘पान’ मातीत खोचले की झाड होते आणि ‘पानाच्या’ कडेतून कळी फुटते. ड्रॅगन फ्रूटचे खोड तीन धारांचे असते. त्यामुळे कित्येकजण त्यास आपला त्रिधारी निवडुंग समजतात. परंतु त्रिधारीस चीर दिली तर चीक येतो, यास येत नाही. निवडुंगाचे खरे कूळ जवळजवळ सारेच्या सारे अमेरिकेचे आहे.

मुंबईस परदेशी झाडांचे नवल कधीच नव्हते. गिरगावातील वाड्या या मुळात नावाप्रमाणे वाड्याच होत्या. नारळीच्या बागांमधून घरे उठली, बागा गेल्या आणि नाव राहिले. फणसवाडी, मुगभाट, बोरभाट ही नावे अजून त्या काळाची साक्ष देतात. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी मुंबई बेट गार्सिया द ऑर्ता या वैद्यास खंडाने दिले होते. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने मुंबईतील आपल्या एका आंब्याविषयी लिहिले आहे. तो आंबा वर्षातून दोनदा फळत असे. घरच्या बागेतील झाडाचा असा अभिमान बाळगणारा मुंबईचा पहिला लेखक म्हणून आम्ही ऑर्तास मान देतो. पोर्तुगीजांच्या गलबतांतून पेरू, पपई, अननस, काजू, सीताफळ ही अमेरिकेची फळे या किनाऱ्यास लागली. एकोणिसाव्या शतकात पश्चिम हिंदुस्थानच्या ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीने शिवडीस बाग केली. 1865 मध्ये ती जागा दफनभूमीसाठी गेली; परंतु त्यापूर्वीच, 1862 साली, भायखळ्याची राणीची बाग खुली झाली होती. दादरच्या फूलबाजारात दसऱ्याला ज्या झेंडूचे डोंगर लागतात तो झेंडू मेक्सिकोचा, आणि गजऱ्यातील निशिगंधही तिकडचाच.

या पाहुण्यांपैकी बहुतेकांना येथील माश्या, भुंगे, पाखरे पुरली. पेरूच्या फुलास आमची मधमाशी चालते. पपईचे लग्नही येथे विनासायास लागते, फक्त नर पपई कोणती ते ओळखावे लागते. काही झाडांच्या बाबतीत मात्र माणसाने झाड तेवढे उचलून आणले आणि त्याचा सोबती मागे ठेवला. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण व्हॅनिलाचे. हा वेल मेक्सिकोहून हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर नेला गेला, वाढला, फुललाही. परंतु शेंग धरेना. 1841 साली तेथील एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने फुलातील पडदा काडीने बाजूस सारून बोटाने पराग दाबून बसविण्याची युक्ती काढली. आजही व्हॅनिलाची लागवड मुख्यतः त्याच रीतीवर चालते. या मुलास त्यातून संपत्ती मिळाली नाही. तो गरिबीत मेला.

सोबती मागे राहण्याची उलट बाजूही आपल्या इतिहासात आहे. फड्या निवडुंग आला तो शत्रूवाचून, म्हणून माळरानांवर माजला. 1795 साली किरमिजी रंगाच्या लोभाने ब्राझीलमधून कलकत्त्यास कोचिनील किडे आणले गेले. रंग हलका निघाला, पण किड्यांनी त्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. झाड एकटे येत नाही. ते कोणास बरोबर आणते आणि कोणास विसरते यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

ब्रह्मकमळ आणि ड्रॅगन फ्रूट यांची फुले रात्रीची, पांढरी आणि सुवासिक. अंधारात हिंडणाऱ्यांसाठीच हा थाट आहे. त्यांच्या मायदेशी लांब सोंडेचे मोठे पतंग अशा फुलांवर येतात. ड्रॅगन फ्रूटच्या फुलांवर लांब जिभेची मधुभक्षक वटवाघळेही येतात. आपल्याकडे वटवाघळे नाहीत असे नव्हे. राणीच्या बागेत आफ्रिकेची गोरखचिंच उभी आहे, आणि तिची फुले वटवाघळांसाठीच रात्री उमलतात. परंतु मेक्सिकोतील ती चिमुकली, फुलासमोर पंख फडफडवीत मध चाटणारी जात आपल्याकडे नाही; आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, आरती चालू असताना कोणते वटवाघूळ येणार?

पण समजा ते आले, तरी ब्रह्मकमळास फळ धरलेच असते असे नाही. त्या फुलास स्वतःचे पराग चालत नाहीत. पराग दुसऱ्या झाडाचे हवेत. आणि दुसरे झाड म्हणजे दुसरी कुंडी नव्हे. येथेच चाळीतील एक फार चांगली रीत आड येते. ब्रह्मकमळ कोणी विकत आणत नसे. माहेरहून एक पान आले, ते शेजारणीस दिले, तिने आपल्या दादरच्या बहिणीस दिले, तिच्याकडून ते परळला गेले. शंभर घरांत शंभर डबे झाले, पण ती सारी एकाच झाडाची खोडे होती. जगभर घरोघरी वाढणाऱ्या या जातीचीही बरीचशी झाडे अशाच कलमांतून पसरलेली आहेत. ज्या देण्याघेण्याने हे फूल मुंबईभर झाले, त्याच देण्याघेण्याने ते वांझ राहिले. हे लक्षात आल्यावर आम्हांस थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो.

आता ड्रॅगन फ्रूटकडे. हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1830 साली या जातीस शास्त्रीय नाव दिले, ते मेक्सिकोतील नव्हे तर चीनहून आलेल्या झाडावरून. म्हणजे तोवर ते पूर्वेस पोहोचले होते. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात ते व्हिएतनाममध्ये नेले. तेथील लोकांनी त्यास ‘हिरवा ड्रॅगन’ म्हटले आणि पुढे त्याच्या शेतीने जग जिंकले. आपल्या देशात ते गेल्या शतकाच्या अखेरीस, 1990 नंतरच्या दशकात, प्रथम घरगुती बागांतून आले. पाणी थोडे लागते, म्हणून दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याचे लक्ष त्याकडे गेले. बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्यावर काम केले. जून 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातील तडसर गावचे फळ दुबईस रवाना झाले. त्याच वर्षी जानेवारीत गुजरात सरकारने त्याचे ‘कमलम्’ असे बारसे केले. मेक्सिकोच्या एका निवडुंगास आपण ब्रह्मकमळ म्हटले आणि दुसऱ्यास कमळ. परक्यास घरात घेताना त्यास कमळ करून घ्यावयाचे, ही आपली जुनी खोड दिसते.

इस्राएलच्या नेगेव वाळवंटात बेन-गुरियन विद्यापीठातील मिझ्राही, नेर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात या झाडाच्या फळधारणेचा अभ्यास केला, आणि घरी कुंडी लावणाऱ्याला आज जे ठाऊक असावे लागते ते बरेचसे त्यातून आले आहे. लाल गराच्या जातीस बहुधा स्वतःचे पराग चालत नाहीत. पांढऱ्या गराच्या जातीस चालतात. तथापि फुलातील कुक्षी पुंकेसरांच्या वर डोके काढून उभी असते, त्यामुळे पराग आपोआप तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. कोणीतरी पोहोचवावे लागतात. गावाकडे पहाटे फूल मिटण्यापूर्वी मधमाश्या हे काम थोडेफार करतात. आपली आग्या मधमाशी तर चांदण्या रात्रीही बाहेर पडते. मुंबईच्या गच्चीवर मात्र हा भरवसा धरण्यात अर्थ नाही.

तेव्हा ही गोष्ट स्वतःच्या हाताने करावी. रात्री नऊ-दहाच्या पुढे फूल पूर्ण उमलते. कोरड्या, मऊ ब्रशाने, किंवा ब्रश नसेल तर बोटानेही, परागकोशांवरून हळूच फिरवून पिवळी भुकटी वाटीत झाडून घ्यावी आणि दुसऱ्या झाडाच्या फुलातील कुक्षीच्या सर्व पाकळीवजा टोकांस नीट माखावी. येथे कंजूषपणा करू नये. जितके पराग लागू पडतात तितके बी होते, आणि जितके बी तितके फळ मोठे. पाऊस असेल तर फुलावर छत्री धरावी, भिजलेले पराग कामास येत नाहीत. दुसरे फूल त्या रात्री नसेल तर पराग कोरड्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवले तरी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात. मग वाट पाहावयाची. फूल सुकते, पण त्याचा देठाकडचा भाग हिरवा राहिला तर काम झाले. तो पिवळा पडू लागला तर आठवड्याच्या आत सगळे गळून पडते. धरलेले फळ साधारण महिन्याभरात रंगते.

लावण्याविषयी दोन शब्द पुरेत. एक-दीड फुटाचा तुकडा सावलीत आठवडाभर सुकवून मगच मातीत खोचावा. ओला तुकडा मुंबईच्या पावसात कुजतो. माती वाळूमिश्रित, तळाला भोके आणि आधारास खांब असावा. वर गेलेल्या फांद्या खाली लोंबू लागल्या म्हणजे फुलावर येतात. ऊन हवेच. ज्या गॅलरीत दिवसा दिवा लावावा लागतो तेथे हे झाड हिरवेगार वाढेल आणि फुलणार नाही. वाढलेल्या झाडाचे व ओल्या मातीचे वजन फार होते, म्हणून जुन्या चाळीच्या लाकडी कठड्यावर ही कुंडी कोणी ठेवू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आमची स्वतःची चूक सांगतो. आमच्याकडे लाल जातीच्या दोन कुंड्या होत्या. दोन पावसाळे फुले आली, आम्ही रात्री जागून एकीचे पराग दुसरीस लावले, आणि आठव्या दिवशी देठ पिवळे. खताला दोष दिला, पावसाला दिला. मग ध्यानात आले की दुसरी कुंडी आम्हीच पहिलीच्या फांदीपासून केली होती. कुंड्या दोन होत्या, झाड एकच! ब्रह्मकमळाची चाळीतील सारी कथा आम्ही आमच्या गच्चीवर पुन्हा करून दाखविली होती.

यापुढचा शोध झाडाचा नव्हे, शेजाऱ्याचा होता. चाळीत तो सोपा गेला असता. कोणाच्या कठड्यावर काय आहे हे मजल्याला ठाऊक असे. आता चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत. सामाईक गॅलरी गेली, तिच्या जागी बंद दारे आणि ज्याच्या त्याच्या खिडक्या आल्या. जागा बदलताना डब्यातील झाडे बरोबर नेणारे थोडे, आणि नवीन इमारतीत कोणाच्या खिडकीत काय फुलते हे समजण्यास मार्ग नाही. आम्ही शेवटी वाण्याच्या दुकानात चौकशी केली. समोरच्या इमारतीतील एका बाईंकडे पांढऱ्या गराचे झाड असल्याचे तेथे कळले. बाईंनी फक्त एवढेच विचारले, ‘रात्री दहा वाजता वाटी घेऊन याल? मी जागी असते.’

श्रावण लागताच दोन्हीकडे एकाच रात्री फुले उमलली. स्टीलच्या वाटीवर झाकण ठेवून त्यांचे पराग रस्त्यापलीकडून आमच्याकडे आणि आमचे त्यांच्याकडे गेले. आमच्या तीन फुलांपैकी दोन धरली, त्यांचे एकच होते तेही धरले. गणेशचतुर्थीला त्यांतील एक फळ आम्ही मूर्तीपुढच्या पाच फळांत ठेवले. बाकीची चार म्हणजे केळे, पेरू, सीताफळ आणि चिकू. त्यांतील केळे तेवढे आपल्या बाजूचे. उरलेली चारही फळे अमेरिकेची.