अकलूजची लाल वाइन

उदगीरला आमच्या घरी ‘दारू’ म्हणजे वाया गेलेला चुलता. म्हणून पुण्यात पहिल्या पगाराला वाइनच्या दुकानात शिरलो तेव्हा धाकधूक होतीच. परदेशी बाटलीची किंमत बघून मागं फिरलो, तर दुकानदारानं अकलूजची लाल वाइन पुढं केली. अकलूज? ते तर उसाचं गाव!

मग इतिहास धुंडाळला. 1980च्या दशकात नारायणगाव, नंतर नाशिक. 2001मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. परदेशी वाइनवर मात्र 150 टक्के सीमाशुल्क होतं. स्वस्ताईचं गणित हे असं. पुढं अकलूजच्या मोहिते-पाटलांनी दिल्लीच्या आणि इटलीच्या भावांबरोबर ‘फ्रातेल्ली’ काढली. इटालियनमध्ये त्याचा अर्थच ‘भाऊ’. टस्कनीचं सांजोव्हेजे द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात रुजलं. त्याची वाइन जरा आंबट, तुरट. मटणाच्या रश्श्यासोबत झकास लागते.

दिवाळीत हे सगळं अण्णांना सांगितलं. ते चिडले नाहीत. एवढंच विचारलं, “बागेला पाणी कुठलं?”

अकलूज नीरेकाठी आहे. आमच्या लातूरला 2016मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. मी गप्प बसलो.