मढची शींव

मुंबईंत ज्या भागास सायन म्हणतात त्याचें मराठी नांव शींव. शींव म्हणजे हद्द. मुंबई बेट तेथें संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी लागत असे. आज ती हद्द ओलांडून रोज असंख्य माणसें आगगाडीनें जातात-येतात. परंतु आपण एका मुलुखांतून दुसऱ्या मुलुखांत शिरलों, याची जाणीव कोणासही होत नाहीं. शहर वाढलें म्हणजे जुन्या हद्दी अशा नांवापुरत्या उरतात. मात्र ज्या गांवांना शहरानें पोटांत घेतलें, त्यांच्या शिंवेचें काय झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मालाडच्या पश्चिमेस समुद्राला लागून असलेलें मढ हें गांव या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

साष्टी हें नांव सहासष्ट गांवांवरून पडलें असें मानतात. मुलूख ओळखावयाचा तो त्यांतील गांवें मोजून, ही आपली जुनी रीत. या साष्टीच्या पश्चिम कडेस मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे हीं गांवें आहेत. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास मालाडची खाडी आणि उत्तरेस मनोरीची खाडी. येथील हद्द सरकारी मोजणीदारानें आंखण्यापूर्वीं भरती-ओहोटीनें आंखून ठेविली होती.

या गांवांवर राज्यें मात्र अनेक झालीं. १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्याबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांस दिला. एरंगळच्या समुद्रकांठीं १५७५ सालीं उभारलेलें सेंट बोनाव्हेंचरचें ख्रिस्तमंदिर त्या काळाची साक्ष देतें. जानेवारींत तेथें भरणाऱ्या जत्रेस आजही सर्व धर्मांचे लोक जातात. पुढें १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली. इंग्रजांस साष्टीही हवी होती, पण पोर्तुगीजांनीं ती सोडली नाहीं. त्यामुळें माहीमची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द झाली, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईकराच्या लेखीं मढ हा परमुलूख राहिला. १७३७ सालीं मराठे साष्टींत उतरले. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत मढचा किल्ला व अखेर वसई मराठ्यांच्या हातीं आली. १७७४ च्या शेवटीं इंग्रजांनीं ठाणें घेतलें, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली.

या किल्ल्याच्या नांवांतच हद्दीचें एक कोडें आहे. किल्ला उभा आहे मढच्या भूमीवर. पण इतिहासाच्या ग्रंथांत तो पुष्कळदां वेसाव्याचा किल्ला म्हणून येतो. वेसावें तर खाडीच्या पलीकडच्या तीरावर. समुद्रावरून येणाऱ्या खलाशाच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे हें कोडें सुटतें. त्याला दोन गांवें दिसत नसून एका खाडीचें एकच मुख दिसतें. जमिनीवरून पाहणाऱ्यास जी खाडी आड येणारी हद्द, तीच दर्यावर्दी माणसाला दोन तीर जोडणारी वाट. आजही वेसाव्याहून मढला होडीनें कांहीं मिनिटांत जातां येतें. तेंच गाडीनें जावयाचें तर मालाड-मार्व्यावरून मोठा वळसा पडतो.

इंग्रजी अमलांत साष्टी ठाणें जिल्ह्यांत होती. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यांत आला. १९५० सालीं मुंबई महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरीपर्यंत गेली, आणि १९५७ सालीं ती दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. मालाडचा टापू तेव्हां शहरांत आला. ज्या शहराला मढ एकेकाळीं परमुलूख होता, त्याच शहराचा तो एक कोपरा झाला.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांच्या वेळीं सारा घेणारा धनी बदलला. कोळ्यांचा किनारा मात्र कोळ्यांकडेच राहिला. शहराची गोष्ट निराळी आहे. शहर धनी बदलून थांबत नाहीं. तें जमिनीचा भाव बदलतें, आणि भाव बदलला म्हणजे जमिनीचा उपयोगही बदलतो. साष्टींतील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजास हें लवकर उमगलें होतें. मुंबईंत बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांत आपण मिसळून जाऊं नये म्हणून त्यांनीं १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेऊन आपली संस्था स्थापिली. नांव ही देखील एक शींवच होय.

आज मढसारख्या गांवांपुढें प्रश्न आहे तो गांवठाणाचा. जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या १२२ व्या कलमान्वयें गांवठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. परंतु घरांभोंवतीं रेघ ओढली म्हणजे कोळीवाडा संपला असें होत नाहीं. होड्या ओढून ठेवण्याची वाळू, जाळीं पसरण्याची व विणण्याची जागा, बांबूंवर दोर ताणून बोंबील वाळविण्याचें मोकळें रान, हें सर्व गांवाचेंच अंग आहे. त्यावर घर नसल्यामुळें नकाशांत तें मोकळें दिसतें, आणि मोकळ्या जागेवर शहराची दृष्टि प्रथम जाते. म्हणूनच मुंबईंतील कोळीवाडे आपल्या सीमांकनासाठीं आग्रह धरीत आले आहेत.

वेसावें आणि मढ यांना जोडणारा पूल बांधण्याची महानगरपालिकेची योजना आहे. पूल झाला तर खाडी हद्द म्हणून राहणार नाहीं, आणि मढच्या जमिनीचा भावही पूर्वींचा राहणार नाहीं. गांवांतील आजाऱ्यास वेळेवर रुग्णालयांत पोंचतां येईल, मुलांचा शाळेचा वळसा वांचेल, हें खरेंच. पूल नको असें म्हणणें योग्य होणार नाहीं. परंतु भरती-ओहोटीनें आजवर राखलेली शींव पुसली जाण्याआधीं, कागदावरची शींव मासळी वाळत घालण्याच्या जागेसह नीट आंखली गेली पाहिजे. नाहीं तर पुढील पिढीला मढ हें गांव, सायनच्या शिंवेप्रमाणें, केवळ नांवांतच शोधावें लागेल.