गालिच्यातली धूळ आणि आपला दमा : दीडशे वर्षांची गोष्ट

"डॉक्टर, घरातले कार्पेट माणसे बोलावून धुऊन घेतले तर दमा कमी होईल का?" हा प्रश्न हल्ली वरचेवर विचारला जातो, आणि दिवाळीच्या आधी तर जास्तच. सोफा आणि कार्पेट घरी येऊन साफ करणाऱ्यांच्या पत्रकावर 'ॲलर्जीपासून मुक्ती' असे छापलेले असते. घरात दम्याचे मूल असेल तर ते वाचून आशा वाटणे साहजिक आहे.

थोडक्यात उत्तर असे : गालिचा जरूर धुवा, पण धुतला म्हणून पंप बंद करू नका. हे उत्तर एका दिवसात हाती आलेले नाही. गालिच्यातली धूळ माणसाला आजारी पाडते असा संशय वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. मात्र त्या धुळीतला खरा गुन्हेगार कोण, याचे उत्तर प्रत्येक पिढीत बदलत गेले. ही गोष्ट समजून घेतलीत तर पत्रकातल्या आश्वासनात खरे किती आणि फुगवलेले किती, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

नाइटिंगेलबाईंची तक्रार

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक १८५९ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी गालिच्यावर चांगलेच तोंडसुख घेतले आहे. त्या काळी इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरांत जाड लोकरी गालिचे जमिनीला खिळे ठोकून बसवलेले असत. वर्षातून एकदा ते उपटून बाहेर नेत आणि बडवत. एवढ्याने भागत नाही, निदान दोन-तीनदा तरी गालिचा काढलाच पाहिजे, असे नाइटिंगेलबाईंचे म्हणणे होते. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे म्हणजे ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवणे. ओल्या फडक्याने पुसावे, हाही सल्ला त्यांचाच.

जंतूंचा सिद्धान्त तेव्हा रुजायचा होता. घाणीतून उठणारी दूषित हवा रोग पसरवते, अशी समजूत होती. म्हणजे कारण चुकीचे, पण ओल्या फडक्याचा सल्ला मात्र आजही जसाच्या तसा लागू पडतो. या सगळ्या इतिहासात असे पुन्हा पुन्हा घडलेले दिसेल.

गालिचे बडवण्याचा धंदाही त्याच शतकातला. लंडनमध्ये आणि अमेरिकेतल्या शहरांत वाफेच्या यंत्रावर गालिचे बडवून देणारे कारखाने निघाले होते. गालिचा घरून नेत, बडवत आणि परत आणून अंथरत.

टीबीची भीती आणि कोरडा झाडू

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. त्यांचे सहकारी गेऑर्ग कॉर्नेट यांनी क्षयरोग्यांच्या खोल्यांतली, रुग्णालयांच्या भिंतींवरची धूळ गोळा केली आणि ती गिनीपिगांना टोचली. जिथे रुग्ण जमिनीवर किंवा रुमालात थुंकत होते, तिथल्या धुळीने प्राण्यांना क्षय झाला. पुढे त्यांनी क्षयरोग्याची थुंकी गालिच्यावर पसरून वाळू दिली आणि त्याच खोलीत गिनीपिग ठेवून गालिचा ताठ झाडूने झाडला. एखादा अपवाद सोडता सगळ्या प्राण्यांना क्षय झाला.

या प्रयोगांचा धसका मोठा होता. आजाऱ्याच्या खोलीतून गालिचे गेले, जड पडदे गेले, कोरडा झाडू वाईट ठरला आणि थुंकीविरुद्ध मोहिमा निघाल्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या वॉर्डमधली हवा नळीतून वर ठेवलेल्या गिनीपिगांपर्यंत नेण्यात आली. तेव्हा हे नीट सिद्ध झाले की क्षय मुख्यतः खोकल्यातून उडणाऱ्या आणि हवेत तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून पसरतो. गालिच्यातली वाळलेली धूळ हे त्याचे मोठे कारण नव्हे. तेव्हा घरात कुणाला टीबी असेल तर गालिच्याची काळजी करण्याआधी खिडक्या उघडा, तोंडावर मास्क ठेवा आणि गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत घ्या.

घोडागाडीवरचे यंत्र

धुळीची ही धास्ती ऐन भरात असताना, १९०१ साली, ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये एक अमेरिकन यंत्र पाहिले. ते जोराची हवा सोडून धूळ उडवत असे. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसणार, मग ती ओढून का घेऊ नये, असे बूथ यांना वाटले. एका उपाहारगृहात त्यांनी खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावले आणि जोरात श्वास ओढला. त्यांना ठसका लागला खरा, पण रुमालाच्या दुसऱ्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला होता. त्याच वर्षी त्यांनी पेटंट घेतले.

आज व्हॅक्युम क्लीनर म्हटले की घरातल्या कोपऱ्यातली वस्तू डोळ्यांसमोर येते. बूथ यांचे यंत्र मात्र विकत घेण्याचे नव्हते, बोलावून घेण्याचे होते. लाल रंगाची घोडागाडी दारापुढे उभी राही, तिच्यावर इंजिन धडधडत असे आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत नेऊन गणवेशातली माणसे गालिचे साफ करत. म्हणजे घरी येऊन कार्पेट साफ करून देण्याचा आजचा व्यवसाय हा व्हॅक्युम क्लीनरच्या जन्माइतकाच जुना आहे. श्रीमंत घरांतल्या बायका हा सोहळा पाहायला मैत्रिणींना चहाला बोलावत. नळीचा एक तुकडा काचेसारखा पारदर्शक ठेवलेला असे, म्हणजे आपल्या गालिच्यातून किती धूळ निघते ते सगळ्यांना दिसे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले, आणि त्यानंतर राजवाड्यातही यंत्रे गेली.

पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाचे जवान राहत होते. त्यांच्यात पुरळ उठणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा बूथ यांची १५ यंत्रे लावून तिथून २६ टन धूळ काढल्याचे सांगतात. साथ ओसरल्याचे श्रेय यंत्राला मिळाले. एक डॉक्टर म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. असे ताप माणसांच्या दाटीवाटीने पसरतात, जमिनीवरच्या धुळीने नव्हे. पण पारदर्शक नळीतून वाहणारी धूळ डोळ्यांना दिसते आणि मनाला पटते. आजही सफाईवाले यंत्रातले काळे पाणी तुम्हाला दाखवतात, तेव्हा नेमके हेच होत असते. पाणी काळे निघाले म्हणजे गालिचा घाण होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. त्याने तुमचा दमा कमी होईल असे सिद्ध होत नाही.

दमेकरी सफाई कामगाराची युक्ती

इकडे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचे साठीच्या जवळ आलेले गृहस्थ एका दुकानात सफाईचे काम करत. त्यांना दमा होता. गालिच्यावर ब्रशचे यंत्र फिरवले की उडणाऱ्या धुळीने धाप लागते, हे त्यांच्या लक्षात आले. नोकरी सोडणे परवडणारे नव्हते. मग त्यांनी पंख्याची मोटर, साबणाचा खोका, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून धूळ ओढून अभ्र्यात साठवणारे एक यंत्र बनवले. १९०८ साली त्याचे पेटंट मिळाले. ते विल्यम हूवर या चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या व्यापाऱ्याने घेतले आणि पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. एका दमेकऱ्याने स्वतःच्या धापेवर काढलेला उपाय जगभरच्या घरांत पोचला.

त्यांचे निरीक्षण अचूक होते : गालिचा नुसता पडून असतो तेव्हा फारसा त्रास होत नाही, तो हलवला की होतो. असे का, ते कळायला मात्र अजून पन्नासहून अधिक वर्षे जायची होती.

लायडनमध्ये सापडलेला गुन्हेगार

१९२० च्या दशकात डॉक्टरांना कळले होते की घरातल्या धुळीचा अर्क त्वचेवर टोचला की अनेक दमेकऱ्यांना गांधी उठते. पण धुळीत कापसाचे तंतू असतात, कोंडा असतो, केस असतात, बुरशी असते. यातले नेमके काय बाधते? नेदरलँडमधल्या लायडन विद्यापीठातल्या राइंडर्ट फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा यांच्या गटाला एक गोष्ट खटकली : ओलसर घरांतली धूळ जास्त बाधते. म्हणजे ओलाव्यात वाढणारे काहीतरी सजीव त्यात असले पाहिजे. १९६४ साली त्यांनी ते दाखवून दिले. तो होता डस्ट माइट, कोळ्याच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटर लांबीचा, आठ पायांचा जीव.

हा चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो. पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो, म्हणून दमट हवा त्याला मानवते. कोकणपट्टी आणि मुंबईचा पावसाळा म्हणजे त्याची चंगळच.

१९८१ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. बाधणारी प्रथिने मुख्यतः माइटच्या विष्ठेत असतात. तिचे कण बऱ्यापैकी जड असतात. झाडताना उडतात आणि साधारण अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. स्पँगलर यांच्या निरीक्षणाचे उत्तर हे आहे. यातून दुसरीही एक गोष्ट निघते, आणि ती तुमच्या कामाची आहे : माइट मारला तरी त्याने टाकलेली प्रथिने गालिच्यात तशीच राहतात. वाफेने माइट मरतात, म्हणजे ॲलर्जी संपली, असे होत नाही.

मग संशय धुण्यावरच

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डेनव्हर भागात कावासाकी आजाराचे अनेक रुग्ण आढळले. हा लहान मुलांचा आजार आहे. त्यात बरेच दिवस ताप येतो, डोळे आणि ओठ लाल होतात, आणि वेळेवर उपचार न झाल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. चौकशी करता त्यातल्या बऱ्याच घरांत आजारापूर्वीच्या महिन्याभरात गालिच्याला शाम्पू लावलेला आढळला. १९८२ साली हे प्रसिद्ध झाले आणि आईबापांत घबराट पसरली. पुढच्या काही तपासण्यांत हा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. शाम्पूमुळे हा आजार होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली असे नसते, हा यातला धडा. तरी गालिचा पूर्ण वाळेपर्यंत रांगत्या मुलाला त्यावर सोडू नये, एवढी काळजी घ्यायला काहीच हरकत नाही.

मग धुऊन मिळते काय?

माइट कमी करण्याच्या उपायांवर झालेल्या पन्नासहून अधिक चाचण्यांचा, सुमारे ३००० रुग्णांचा एकत्र आढावा २००८ साली घेतला गेला. त्यात एकेकटे उपाय दम्यावर फारसे उपयोगी पडल्याचे दिसले नाही. दुसरीकडे, २००४ साली अमेरिकेतल्या ९३७ दमेकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे गादीला खोळ, चांगल्या फिल्टरचा व्हॅक्युम, झुरळांचा बंदोबस्त, सिगारेटचा धूर बंद, असे त्या मुलाला जे बाधते त्यानुसार सगळे मिळून केले गेले. त्या मुलांचे त्रासाचे दिवस दर पंधरवड्यात सरासरी पाऊण दिवसाने कमी झाले. फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे, आणि तो एकट्या गालिच्याचा नाही.

तेव्हा तुमच्या घरासाठी एवढे लक्षात ठेवा :

१. आधी तपासणी करून घ्या. तुम्हाला माइटची ॲलर्जी आहे का, हे त्वचेच्या किंवा रक्ताच्या तपासणीत कळते. ती नसेल तर दम्यासाठी गालिच्यावर खर्च करून उपयोग नाही.

२. सुरुवात अंथरुणापासून करा. आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असलेली घरे थोडी. माइटचे मुख्य घर म्हणजे गादी, उशी आणि रजई. गादीला माइटरोधक खोळ घाला, चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात धुवा.

३. कार्पेट धुऊन घ्यायचे तर कोरड्या ऋतूत. ते एका दिवसात, फार तर दोन दिवसांत आतपर्यंत वाळले पाहिजे. ओल राहिली तर बुरशी येते आणि उरलेल्या माइटना वाढायला बरे मिळते. पैसे देऊन दुखणे आणण्यातला प्रकार तो. पाणी शोषून घेणारे यंत्र आहे का, हे सफाईवाल्यांना आधीच विचारा.

४. सफाई चालू असताना आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास दमेकऱ्याने त्या खोलीत थांबू नये. खिडक्या उघड्या ठेवा.

५. सतरंज्या आणि लहान गालिचे कडक उन्हात टाका. थेट उन्हाने गालिच्यातले माइट मरतात, हे सिडनीतल्या संशोधकांनी १९९४ साली दाखवले. आपल्या आज्या उन्हाळ्यात गाद्या-सतरंज्या गच्चीवर टाकत, ते उगाच नव्हते. ऊन दिल्यावर झटका मात्र बाहेरच, आणि दमेकऱ्याने नव्हे.

६. तपासणीत ॲलर्जी पक्की निघाली, तर झोपायच्या खोलीतला गालिचा काढूनच टाका. सगळ्यांत स्वस्त उपाय तोच. उघडी फरशी ओल्या फडक्याने पुसली की झाले.

आणि शेवटचे : धुतलेला गालिचा पाहून मूल दोन दिवस बरे वाटते, पंप कपाटात जातो, आणि पुढच्याच आठवड्यात रात्री धाप लागून धावपळ होते. दम्यात श्वासनलिकेची आतली सूज धुळीशिवायही टिकून राहते. ती औषधानेच आटोक्यात राहते. गालिचा वर्षातून एकदा धुतला तरी चालेल. पंप मात्र सांगितला आहे तसा रोज घ्या, आणि तो कमी करायचा असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा.